माजघरातल्या 432 लाद्या

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घरी माजघराला नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत. आजेसासऱ्यांनी 1958 मध्ये शेणाची जमीन काढून त्या बसवून घेतल्या. आठ इंची चौकोनी लादी, पांढऱ्यावर हिरवी आणि तांबडी वेलबुट्टी, कडेला काळी पट्टी. खोली बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. आडव्या ओळीत 18 लाद्या, उभ्या ओळीत 24. एकूण 432. हा आकडा मला तोंडपाठ आहे, कारण गुडघ्यांवर बसून मी त्यातली प्रत्येक लादी दोनदा घासली आहे. पहिल्यांदा चुकीची, दुसऱ्यांदा बरोबर.

सासूबाई होत्या तोवर त्या जमिनीकडे त्याच बघायच्या. रोज ओल्या फडक्याने पुसायच्या, आणि सणाच्या आधी फडक्याला खोबरेल तेलाचा थोडा हात लावून पुन्हा पुसायच्या. त्या गेल्यावर घर वर्षातले आठ महिने बंद राहू लागले. आम्ही ठाण्याला, दीर-जाऊबाई पुण्याला. सगळ्यांनी मिळून यायचे ते गणपतीला.

2022 साली गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती. मी दहा दिवस आधी, 21 तारखेला एकटीच पुढे आले. घर उघडले तेव्हा माजघराची जमीन काळपट दिसत होती. वर्षानुवर्षांच्या तेलावर धूळ बसून चिकट थर झाला होता. देवघरासमोर समईच्या तेलाचा परातीएवढा डाग. स्वयंपाकघराच्या दारात तर नक्षीच दिसत नव्हती. मला वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर काळजीही वाटली, की जाऊबाई येऊन बघतील आणि म्हणतील, सासूबाई गेल्या आणि घराची रया गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून संडास साफ करायचे अ‍ॅसिड आणले. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या की त्याने सगळे निघते, सोबत ब्लीचिंग पावडरही टाका. पावडर घरात नव्हती म्हणून टाकली नाही. ते नशीबच. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. हे मला नंतर कळले.

स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली. अ‍ॅसिड पाण्यात मिसळून खराट्याने पसरवले. लगेच फेस आला, चर्र आवाज झाला, डोळ्यांना झोंबले. मला वाटले, मळ निघतोय. दहा मिनिटांनी पाणी ओतले. मळ गेला होता. पण हिरवा रंग राखेसारखा झाला होता आणि लादीवरून बोट फिरवले तर पॉलिशपेपरसारखी खरखर लागत होती. फेस मळाचा नव्हता. सिमेंटमधला चुना अ‍ॅसिडात विरघळत होता. मी थांबले तोवर 14 लाद्या गेल्या होत्या.

त्यांच्यावर मी सतरंजी घातली. कुणाला सांगितले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

उरलेली जमीन मग साबणाच्या पाण्याने आणि नारळाच्या सोडणाने घासली. ते काम चांगले झाले. सोडण लादीला ओरखडा पाडत नाही आणि खाचेत शिरते. दोन दिवस लागले. नक्षी दिसू लागली, पण चमक नव्हती. धुतलेल्या पाटीसारखी कोरडी, फिकट दिसत होती. म्हणून मेण लावायचे ठरवले. लहानपणी माहेरी तांबड्या कोब्याला डब्यातले लाल मेण लावून चकचकीत करायचे, ते डोळ्यांसमोर होते. दुकानदाराने लालच काढून दिले होते. पांढऱ्या नक्षीवर तो रंग चढेल हे ऐन वेळी सुचले आणि मी बिनरंगाचा अर्धा किलोचा डबा घेतला. तेवढे एक बरोबर केले.

26 आणि 27 ऑगस्टला मेण लावले. बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. भिंती जांभ्याच्या, जोते चिऱ्यांचे. जांभा पाणी पितो. हे इथे प्रत्येकाला माहीत आहे, मलाही होते. पण जमीन हाताला कोरडी लागत होती, म्हणून मी ती कोरडी धरली.

मेण जुन्या सुती साडीच्या तुकड्याने लावले आणि भरपूर लावले. जितके जास्त तितकी चमक जास्त, असे वाटत होते. संपूर्ण डबा संपवला. रात्रभर वाळू दिले आणि सकाळी पुसायला गेले तर चिकट. कापड अडकत होते. दोन तास जोर लावून घासल्यावर मात्र चमक आली. खिडकीचे गज जमिनीत दिसू लागले. मी फोटो काढून ठाण्याला पाठवला.

29 तारखेला मंडळी आली. त्याच संध्याकाळी मागच्या भिंतीजवळ जमीन धुकट दिसू लागली, थंडीत आरशावर वाफ धरावी तशी. पुसले तर जाईना. 30 तारखेला धुक्याचे पांढरे चट्टे झाले. जाऊबाईंनी विचारले, "हे काय पीठ सांडलंय का?" मी म्हटले, मेण आहे, वाळेल.

चतुर्थीला मूर्तीच्या वर टांगायची माटवी बांधली, मूर्ती बसली, आरती झाली. तीर्थ देताना थोडे पाणी सांडले. आत्ये, म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, तेव्हा 76 वर्षांच्या होत्या. त्या हात जोडून मागे वळल्या आणि त्यांचा पाय सरकला. जाड मेणावर पाणी पडले की ते काचेवर तेल ओतल्यासारखे होते. त्या डाव्या हातावर पडल्या. आम्ही धावलो तर म्हणाल्या, "माका काय जावक नाय. तुमी प्रसाद वाटा." सणात व्यत्यय नको म्हणून त्या रात्रीपर्यंत गप्प राहिल्या. रात्री मनगट सुजले. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाडाला चीर होती. चार आठवडे प्लॅस्टर.

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी त्यांची वेणी घालायची, तेव्हा त्या दुसऱ्याच गप्पा मारायच्या. ते मला जास्त लागले.

त्या दिवसापासून विसर्जनापर्यंत माजघरभर गोणपाटे पसरली होती.

दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो आणि तेव्हा मी गावातल्या एका वयस्कर मेस्त्रींना बोलावले. त्यांनी चाळीस वर्षे लाद्या बसवल्या आहेत. त्यांनी सतरंजी उचलली, 14 लाद्या बघितल्या, काही बोलले नाहीत. मग भिंतीजवळ बसून नखाने मेण खरवडले. खाली पांढरी बारीक पूड निघाली. जिभेला लावून बघितली. खारट. म्हणाले, "वयनी, पावसात मेण कित्याक लावलास? पाणी खालसून येता. पयला पाणी थांबवा."

मग त्यांनी समजावले ते असे. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. पत्र्याच्या कप्प्यांच्या साच्यात वेगवेगळ्या रंगांचे पातळ सिमेंट ओततात, साचा उचलतात, वर कोरडे सिमेंट आणि वाळू घालून दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज 1922 पासून अशा लाद्या करते आहे. मागच्या खोपीत लाकडांखाली आमच्याच पाच जादा लाद्या सापडल्या. त्यातली एक फुटकी होती. तिची कड बघितली तर रंगाचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, खाली राखाडी सिमेंट. तो तुकडा हातात घेतल्यावर मला अ‍ॅसिडने नेमके काय खाल्ले ते कळले.

अशी लादी ओल शोषते आणि सोडतेही. जमिनीखालचे पाणी वर येते, येताना माती-सिमेंटमधले क्षार घेऊन येते. वर हवा लागली की पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. मी वरून मेणाचा जाड थर दिला होता. पाण्याला वाट राहिली नाही, ते मेणाखाली अडकले. धुके ते होते. क्षार तिथेच साठले आणि मेण उचलले गेले.

मला वाटले होते मशीन लावून पॉलिश करून टाकू. तालुक्याच्या गावातला एक पॉलिशवाला तयारही होता. मेस्त्रींनी अडवले. मोझेकच्या लादीला मशीन चालते, कारण तिच्यात संगमरवराची खडी चांगल्या जाडीपर्यंत असते. वरचे थोडे घासले तरी खाली तेच निघते. नक्षीच्या लादीवर मशीनचा दगड जरा जोरात बसला की वेलबुट्टी संपली. ज्यांच्या घरी अशा लाद्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. मशीनवाला हे आपणहून सांगेलच असे नाही.

दिवाळीच्या दिवसांत मेण काढले. टर्पेंटाइन फडक्यावर घ्यायचे, तीन-चार लाद्यांवर फिरवायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचे. फडके बदलत राहायचे, नाहीतर तेच मेण पुढच्या लादीवर पसरते. खाचांतले मेण प्लॅस्टिकच्या जुन्या मोजपट्टीने काढले. तारेची घासणी वापरायची नाही, तिचे कण राहतात आणि ओलीत गंजून तांबडे ठिपके पडतात. सगळी दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या. देवघरातला दिवा तेवढे दिवस ओटीवर लावला आणि स्वयंपाक मागच्या पडवीत केला, कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली नाहीत, अंगणात एकेक पसरून वाळवली. तरी संध्याकाळी डोके जड व्हायचे. एका दिवशी शंभर लाद्यांच्या पुढे गेले नाही.

मेण निघाल्यावर पांढरी पूड उघडी पडली. माझा हात बादलीकडे गेला. मेस्त्रींनी आधीच बजावले होते की लोणा पाण्याने धुवायचा नाही. पाण्यात तो विरघळतो आणि पुन्हा लादीत मुरतो. कोरड्या मऊ ब्रशने झाडायचा आणि सुपलीत भरून बाहेर टाकायचा. पुढच्या काही महिन्यांत तो परत परत येतो, परत परत झाडायचा. आत्ये शेजारच्याच वाडीत राहतात. त्यांची सून दर आठवड्याला येऊन झाडून जायची.

मेस्त्रींनी आणखी एक युक्ती दाखवली. प्लॅस्टिकचा दोन फुटी चौकोन जमिनीवर पसरायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. दिवाळीत आम्ही तसे केले. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, आणि खालची लादी काळपट. हाताला जमीन अगदी कोरडी लागत होती. हे ऑगस्टमध्ये केले असते तर आत्येंचे मनगट वाचले असते.

खरे काम घराच्या मागे होते. वर्षानुवर्षे पालापाचोळा आणि माती साठून मागच्या भिंतीला लागून ढीग झाला होता, जोत्याच्या वर वीतभर. पागोळ्या त्याच्यावर पडायच्या. पाण्याचा चर बुजला होता. म्हणजे पावसाळाभर भिंत ओल्या मातीत उभी होती, आणि लोणा मागच्या भिंतीजवळच का, याचे उत्तर तिथेच होते. फेब्रुवारीत दोन गडी लावून माती उपसली, जोते उघडे केले, चर पुन्हा खणून उताराकडे काढला. तीन दिवसांचे काम. या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडले असेल तर ते हे, आणि ते माजघराच्या बाहेर झाले.

मी एप्रिल 2023 मध्ये रजा काढून गेले. प्लॅस्टिक तीन ठिकाणी लावले. दोन ठिकाणी कोरडे निघाले. मागच्या भिंतीजवळ किंचित दमटपणा होता. मेस्त्री म्हणाले, भिंतीलगतच्या दोन ओळींना मेण लावायचेच नाही, त्यांना श्वास घेऊ द्या. म्हणजे 48 लाद्या सोडल्या आणि 384 उरल्या.

आधी समईचा डाग. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून थालीपिठाच्या पिठाएवढी घट्ट केली, डागावर बोटभर जाड थापली, वर प्लॅस्टिक झाकले. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप वाळू दिला आणि उचलला. माती पिवळट झाली होती, म्हणजे तेल तिने ओढून घेतले. असे तीनदा केले. डाग पूर्ण गेला नाही, सावलीएवढा राहिला आहे. त्यापुढे मी नाद सोडला. पासष्ट वर्षे तिथे समई लागली आहे.

मग धुणे. अर्ध्या बादली पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा, बस. लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही नाही. आंबट पदार्थ सिमेंटला हळूहळू खातातच, अ‍ॅसिडसारखे ते डोळ्यांना दिसत नाही इतकेच. सोडणाने घासले, फडक्याने पाणी टिपले, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसले. साबण राहिला तर मेण धरत नाही. तीन दिवस पंखा आणि उघड्या खिडक्या. एप्रिलचे ऊन आणि वारा होताच.

मेण लावताना या वेळी हात आखडला. जुन्या बनियनच्या घडीवर बोराएवढे मेण घ्यायचे आणि ते सहा लाद्यांना पुरवायचे. इतके पातळ की लावले की नाही अशी शंका यावी. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. घासायला मेस्त्रींनी चिऱ्याचा तुकडा घोंगडीत गुंडाळून दिला. तो दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवायचा. वजन दगडाचे, चमक घोंगडीची. मनगटे वाचतात. दोन्ही हातांना मिळून डबा अर्धाच लागला. आधीच्या वर्षी एका हातात अख्खा संपवला होता.

चमक आरशासारखी आली नाही. गज दिसत नाहीत. पण हिरवा रंग ओल्या पानासारखा खुलला. पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरला नाही, गोल राहिला. आणि पाय घट्ट बसतो. मी स्वतः ओल्या पायांनी दहा वेळा चालून बघितले.

आता रोज साध्या पाण्यात पिळलेले फडके. फिनेल नाही, तेल नाही. मेण वर्षातून एकदा, तेही एप्रिलमध्येच आणि प्लॅस्टिक लावून बघितल्यावरच. ठाण्याच्या घरी मात्र हे काही करत नाही. तिथे व्हिट्रिफाइड लाद्या आहेत. त्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाहीत, त्यामुळे मेण आत जायला वावच नसतो. ते वर बसून राहते आणि घसरगुंडी होते. एका मैत्रिणीने विचारले होते म्हणून लिहिले.

त्या 14 लाद्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. खोपीत सापडलेल्या पाचपैकी चार धड होत्या. मेस्त्रींनी सर्वांत खराब चार काढून त्या बसवल्या. नव्या बसवलेल्या लाद्या बाकीच्यांपेक्षा जास्त गडद दिसतात, कारण त्यांच्यावरून कुणी चाललेले नाही. उरलेल्या दहांना मेस्त्रींनी बारीक दगडाने हलक्या हाताने, पाणी घालत घासले. खरखर गेली. रंग परत आला नाही. मेण लावल्यावर थोडे बरे दिसते.

2023 च्या गणपतीला, 19 सप्टेंबरला, सगळे पुन्हा जमले. पाऊस होता. मागच्या दोन ओळींवर थोडी पांढरी पूड आली, ती सकाळी ब्रशने झाडली. मेणाच्या लाद्यांवर धुके धरले नाही. आत्ये आरतीला भिंत धरून उभ्या होत्या. आरती झाल्यावर त्यांनी भिंत सोडली, अनवाणी पाय जमिनीवर घासून बघितला आणि मग चालत माटवीखाली गेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाईंनी विचारले, "इथली सतरंजी कुठे गेली? आणि या लाद्या अशा का?" मी तिथेच बसून त्यांना अ‍ॅसिडचे सगळे सांगितले. त्या थोडा वेळ लाद्यांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, की पुण्याच्या घरी ओट्याच्या संगमरवरावर त्यांनी लिंबू घासले होते आणि तो डाग त्या गेली सहा वर्षे डब्याखाली झाकून ठेवतात.